वाडगं काठोकाठ भरलेलं आहे

बसा. मांडी घाला. बोट तोंडातून काढा. गोष्ट लहान आहे, पण कडू आहे, कारल्यासारखी. कारलं खाता का? नाही? मग ऐका तरी.

एका गावात एक शाळा. शाळेपुढं एक करंज. करंजाखाली एक जास्वंद. आणि जास्वंदीत राहायची एक शिंपीण.

शिंपीण म्हणजे बाईमाणूस नव्हे हं. पाखरू. एवढंसं, अंगठ्याएवढं. शेपटी ताठ वर. चोच सुईसारखी. त्या चोचीनं ती पानं शिवते. खरंच शिवते! दोन पानं जवळ घेते. भोक पाडते. कापसाचा दोरा ओवते. सर्रकन ओढते. झालं घरटं! म्हणून शाळेतली पोरं तिला म्हणायची सुईबाई.

सुईबाई चालायची टुणुक टुणुक.
सुईबाई बोलायची टुवीक टुवीक.

आधी ती शाळेत राहत नव्हती. लांब ओढ्याकाठी राहायची. मग शिवरात्र झाली. थंडी पळाली. करंजाला पालवी फुटली, लुसलुशीत, पोपटी. शाळेतल्या पोरांनी एक मातीचं वाडगं आणलं. सुतळीनं करंजाला टांगलं. हेडसरांनी तांब्यानं पाणी ओतलं. सावकाश ओतलं, धार धरून. कारण फोटो काढायचा होता ना! खटॅक! फोटो निघाला. टाळ्या वाजल्या.

दुसरीतल्या कस्तुरीनं फळ्यावर बातमी लिहिली. गोल गोल अक्षरात, जीभ बाहेर काढून. काय लिहिलं?

आजची बातमी.
आमच्या शाळेत पाखरांना पाणी.
वाडगं काठोकाठ भरलेलं आहे.

निकमबाई म्हणाल्या, "शाबास!" आणि बातमीशेजारी लाल खडूनं एक चांदणी काढली.

शाळेत रोज सकाळी परिपाठ असतो. पोरं रांगेत उभी राहतात. प्रार्थना म्हणतात. मग फळ्यावरची बातमी मोठ्यानं वाचतात. शेवटी मौन. मौन म्हणजे डोळे मिटायचे आणि गप्प राहायचं. तुम्हाला जमणार नाही ते.

कस्तुरीनं बातमी वाचली. शाळेवरून उडत चाललेल्या सुईबाईनं ती ऐकली. सुईबाई म्हणाली, "अगंबाई! इथं पाणी? काठोकाठ? मग मी ओढ्याकाठी कशाला राहू?"

आली बिचारी. विश्वास ठेवून आली. जास्वंदीत घरटं शिवलं. घरट्यात अंडी घातली. किती? एक, दोन, तीन. रोज सकाळी वाडग्यातलं पाणी प्यायची आणि गाणं म्हणायची. टुवीक टुवीक! पोरं खूश. हेडसर खूश. "वा! आमच्या शाळेत पाखरं गातात!"

पण वाडगं ते केवढं? थोडं पाणी कावळा प्याला. थोडं खार प्याली. उरलेलं ऊन प्यालं, गटगट गटगट. पाच दिवसांत वाडगं रिकामं.

आणि बातमी? बातमी फळ्यावर तशीच. निकमबाई म्हणाल्या, "किती छान बातमी आहे. पाडव्याच्या आधी मेळावा आहे, पाहुणे येतील, तोवर राहू दे." म्हणून ती राहिली. रोज सकाळी पोरं वाचायची, "वाडगं काठोकाठ भरलेलं आहे." रोज टाळ्या. वाडग्याकडं बघितलं का कोणी? छे! बातमीत लिहिलंय ना भरलेलं, मग बघायचं कशाला?

सुईबाई काय करणार? रोज लांब ओढ्यावर जायची. भुर्रर्र जायची. घोटभर प्यायची. भुर्रर्र यायची. तेवढ्यात इकडं अंडी गार पडायची. ती धापा टाकत बसायची अंड्यांवर. परत ऊब द्यायची. परत तहान. परत ओढा. परत अंडी गार.

मग एक दिवस ओढाही आटला. नुसते दगड! आता कुठं जायचं?

सकाळची वेळ. शाळा भरायची होती. सुईबाई आली वाडग्यापाशी.

टुणुक टुणुक. टुवीक टुवीक.

"वाडग्या रे वाडग्या, मला पाणी दे.
सुईबाईचा घसा कोरडा ठाक!"

वाडगं सुतळीवर हललं. म्हणालं, "मी कुठं नाही म्हणतो? पण माझ्यात आहे का काही? कोळ्यानं जाळं विणलंय बघ. तांब्या मला भरेल, तर मी देईन."

"बरं," म्हणाली सुईबाई. आणि निघाली.

टुणुक टुणुक. टुवीक टुवीक.

ओसरीत तांब्या होता. खिळ्याला लटकलेला, साखळीनं बांधलेला. शाळेतला तांब्या तो, पळून जाईल म्हणून बांधलेला.

"तांब्या रे तांब्या, वाडगं भर.
वाडगं मला पाणी देईना,
आणि सुईबाईचा घसा कोरडा ठाक!"

तांब्या म्हणाला, "मी कुठं नाही म्हणतो? हा आत्ता भरला असता. पण मी आहे पालथा. रांजण मला पाणी देईल, तर मी वाडगं भरीन."

"बरं," म्हणाली सुईबाई. आणि निघाली.

टुणुक टुणुक. टुवीक टुवीक.

तांब्याच्या शेजारीच रांजण. पोट केवढं त्याचं! आत पाणी. गार गार. बाहेरून ओला. सुईबाईनं त्या ओल्या पोटाला चोच लावली. ओलं लागलं नुसतं. घोट काही मिळेना.

"रांजणा रे रांजणा, तांब्याला पाणी दे.
तांब्या वाडगं भरेना,
वाडगं मला पाणी देईना,
आणि सुईबाईचा घसा कोरडा ठाक!"

रांजण घुमला. "मी कुठं नाही म्हणतो? घे की! पण माझ्यावर झाकण. झाकणावर वरवंटा. गजरामावशी झाकण काढेल, तर मी देईन."

"बरं," म्हणाली सुईबाई. आणि निघाली.

टुणुक टुणुक. टुवीक टुवीक.

गजरामावशी पोरांची खिचडी शिजवायची. चूल पेटलेली. धूर डोळ्यात. पातेल्यात रटरट रटरट.

"मावशी गं मावशी, झाकण काढ.
रांजण तांब्याला पाणी देईना,
तांब्या वाडगं भरेना,
वाडगं मला पाणी देईना,
आणि सुईबाईचा घसा कोरडा ठाक!"

मावशीनं पदरानं डोळे पुसले. "मी कुठं नाही म्हणते गं? माझ्या जिवाला नाही का कळत? पण मागं मी मनानं झाकण उघडं ठेवलं, तर केवढी बोलणी खाल्ली! निकमबाई सांगतील, तर मी काढीन."

"बरं," म्हणाली सुईबाई. आणि निघाली.

टुणुक टुणुक. टुवीक टुवीक.

निकमबाई वर्गात होत्या. मेळाव्याची तयारी! पोरांच्या पाठीला कागदी पंख बांधत होत्या. निळे पंख, पिवळे पंख, चमकी लावलेले पंख. पोरं नाचत होती आणि गात होती, "पाखरांना पाणी द्या हो, पाणी द्या!"

खरं पाखरू आलं खिडकीत. सगळ्यांची पाठ तिकडं.

"बाई हो बाई, मावशीला सांगा.
मावशी झाकण काढेना,
रांजण तांब्याला पाणी देईना,
तांब्या वाडगं भरेना,
वाडगं मला पाणी देईना,
आणि सुईबाईचा घसा कोरडा ठाक!"

निकमबाईंच्या तोंडात टाचणी. टाचणी काढली आणि म्हणाल्या, "मी कुठं नाही म्हणते? पण आत्ता नको ना! नाच बसवायचाय. पाखरांवरचाच आहे, बघ किती गोड! असं कर, हेडसर मला सांगतील, तर मी मावशीला सांगीन."

"बरं," म्हणाली सुईबाई. आणि निघाली.

टुणुक टुणुक. टुवीक... टुवीक.

आवाज जरा बसला हो. घसा सुकल्यावर दुसरं काय होणार?

हेडसर खुर्चीत बसले होते. मेळाव्याच्या पत्रिकेवर नावं घालत होते. भिंतीवर फोटो, चौकटीत. फोटोत वाडगं, वाडग्यात पाणी, पाण्यावर हेडसर हसताहेत.

"हेडसर, ओ हेडसर, बाईंना सांगा.
बाई मावशीला सांगेनात,
मावशी झाकण काढेना,
रांजण तांब्याला पाणी देईना,
तांब्या वाडगं भरेना,
वाडगं मला पाणी देईना,
आणि सुईबाईचा घसा कोरडा ठाक!"

हेडसरांनी चष्मा वर केला. "मी कुठं नाही म्हणतो? हे बघा सुईबाई, तुमची काहीतरी चूक होतेय. वाडगं भरलेलं आहे. काठोकाठ! फळ्यावर लिहिलंय, रोज वाचतो आम्ही. आता फळा म्हणतो भरलंय, तुम्ही म्हणता रिकामं. मी कुणाचं ऐकू?"

"सर, खिडकीतून बघा ना," म्हणाली सुईबाई. "तिथंच तर आहे. मान वळवली की दिसेल."

हेडसरांनी मान वळवली का? नाही. म्हणाले, "असं नसतं. फळा मला सांगेल, तर मी बाईंना सांगीन."

"बरं," म्हणाली सुईबाई. आणि निघाली.

टुणुक... टुणुक. टुवीक.

ओसरीत फळा. काळा काळा, रुंद रुंद.

"फळ्या रे फळ्या, हेडसरांना सांग.
हेडसर बाईंना सांगेनात,
बाई मावशीला सांगेनात,
मावशी झाकण काढेना,
रांजण तांब्याला पाणी देईना,
तांब्या वाडगं भरेना,
वाडगं मला पाणी देईना,
आणि सुईबाईचा घसा कोरडा ठाक!"

फळा म्हणाला, "मी कुठं नाही म्हणतो? मला काय हौस आहे होय खोटं बोलायची? वाडगं रोज माझ्या डोळ्यासमोर. रिकामं दिसतंय मला. पण माझ्या अंगावर लिहिलंय भरलेलं. लिहिलेलं असताना दुसरं कसं बोलू? डस्टर मला पुसेल, तर मी सांगीन."

"बरं," म्हणाली सुईबाई. आणि निघाली.

टुणुक... टुणुक.

डस्टर फळ्याखालीच होतं. धुळीनं पांढरं झालेलं, कोपऱ्यात झोपलेलं.

"डस्टर रे डस्टर, फळा पूस.
फळा हेडसरांना सांगेना,
हेडसर बाईंना सांगेनात,
बाई मावशीला सांगेनात,
मावशी झाकण काढेना,
रांजण तांब्याला पाणी देईना,
तांब्या वाडगं भरेना,
वाडगं मला पाणी देईना,
आणि सुईबाईचा घसा कोरडा ठाक!"

डस्टर शिंकलं. फाक् छीं! पांढरा धुरळा उडाला. सुईबाईच्या डोळ्यात गेला, चोचीत गेला. आधीच तहान, त्यात खडूची धूळ!

"मी कुठं नाही म्हणतो?" डस्टर म्हणालं. "पण मला पाय आहेत का? हात आहेत का? जिची बातमी, तिनं मला धरावं. कस्तुरी मला धरेल, तर मी पुशीन."

"बरं," म्हणाली सुईबाई. आवाज एवढासाच. आणि निघाली.

टुणुक. थांबली. टुणुक. थांबली.

कस्तुरी पायरीवर बसली होती. दोन वेण्या, लाल फिती. कागदी पंख मांडीवर. आणि मान तिरकी करून बघत होती. काय? तर फळ्यावरचं आपलं अक्षर. आणि ती लाल चांदणी.

"कस्तुरी गं कस्तुरी, डस्टर धर.
डस्टर फळा पुसेना,
फळा हेडसरांना सांगेना,
हेडसर बाईंना सांगेनात,
बाई मावशीला सांगेनात,
मावशी झाकण काढेना,
रांजण तांब्याला पाणी देईना,
तांब्या वाडगं भरेना,
वाडगं मला पाणी देईना,
आणि सुईबाईचा घसा कोरडा ठाक!"

आता तुम्हाला वाटेल, कस्तुरी उठली. पळत गेली. शहाणी मुलगी!

कसलं काय!

कस्तुरी म्हणाली, "अंऽऽ, मी कुठं नाही म्हणते? पण पुसलं की चांदणी जाईल. मला पहिल्यांदाच मिळालीय चांदणी. माझे आप्पा येणारेत मेळाव्याला, त्यांना दाखवायचीय. मेळावा झाला, की मग मी डस्टर धरीन. नक्की!"

मेळावा कधी? आठ दिवसांनी. सुईबाईला घोट कधी हवा? आत्ता.

ह्या वेळी सुईबाई "बरं" म्हणाली नाही. पुढं जाणार तरी कुणाकडं? दारं संपली होती.

ती गेली घरट्यात. तीन अंडी. गार गार. ती त्यांच्यावर बसली. पंख पसरले. आणि हळू हळू त्यांनाच सांगायला लागली. दुसरं कोण होतं ऐकायला?

"अंड्यांनो, अंड्यांनो, ऐका रे.
कस्तुरी डस्टर धरेना,
डस्टर फळा पुसेना,
फळा हेडसरांना सांगेना,
हेडसर बाईंना सांगेनात,
बाई मावशीला सांगेनात,
मावशी झाकण काढेना,
रांजण तांब्याला पाणी देईना,
तांब्या वाडगं भरेना,
वाडगं मला पाणी देईना,
आणि तुमच्या आईचा घसा कोरडा ठाक!"

अंडी काय बोलणार? अंडी गप्प.

तेवढ्यात घंटा झाली. टण टण टण! परिपाठ!

पोरं रांगेत उभी राहिली. निकमबाई उभ्या राहिल्या. हेडसर आले. गजरामावशीही दारात आली हात पुसत. प्रार्थना झाली. मग बातमी. कस्तुरी पुढं आली. छाती काढून, मोठ्यानं वाचायला लागली.

"आजची बातमी!
आमच्या शाळेत पाखरांना पाणी!
वाडगं काठोकाठ भरलेलं आहे!"

टाळ्या! टप टप टप टप!

सुईबाईनं ते ऐकलं. आणि तिला असा राग आला, असा राग आला! एवढंसं पाखरू, पण रागानं दुप्पट फुगलं. उडाली ती. वाडग्याच्या काठावर जाऊन बसली.

हेडसर म्हणाले, "आता मौन."

सगळे गप्प. डोळे मिटलेले. पान हलत नव्हतं. खिचडीसुद्धा रटरटायची थांबली.

आणि त्या मौनात सुईबाईनं काय केलं? आपली सुईसारखी चोच उचलली आणि वाडग्यावर मारली.

टण्!

एक डोळा उघडला. कुणाचा? कस्तुरीचा.

टण्! टण्!

भरल्या वाडग्याचा कुठं असा आवाज येतो? नंतर वाजवून बघा. भरलेलं वाजतं बद् बद्. रिकामं वाजतं टण् टण्.

टण्! टण्! टण्!

सगळ्यांनी ऐकलं. हेडसरांनी ऐकलं. बाईंनी ऐकलं. मावशीनं ऐकलं. पण मौन होतं ना! मौनात कुणी बोलायचं नाही, कुणी हलायचं नाही. सगळे डोळे घट्ट मिटून उभे. अहो, काय म्हणावं ह्या माणसांना!

फक्त कस्तुरी बघत होती. सुईबाईची चोच उघडी होती. पंख लोंबत होते. वाडग्यात कोळ्याचं जाळं होतं, आणि जाळ्यात एक वाळकं पान. कस्तुरीनं फळ्याकडं बघितलं. काठोकाठ! आपलंच अक्षर. आपलीच चांदणी. तिचे कान लाल झाले. डोळे भरले. लाज वाटली तिला, खूप लाज वाटली.

आणि मौन मोडून, रांग मोडून, कस्तुरी पळाली.

कस्तुरीनं डस्टर धरलं.
डस्टरनं फळा पुसला. खस्स, खस्स! अक्षर गेलं. चांदणी गेली.
फळ्यानं हेडसरांना सांगितलं. कसं? कोरा होऊन.

"अरे! बातमी कुठं गेली?" हेडसर ओरडले. आता फळ्यावर काही नाही. मग बघायचं कुठं? शेवटी मान वळवली त्यांनी. वाडग्याकडं बघितलं. आणि गोरेमोरे झाले.

हेडसरांनी बाईंना सांगितलं.
बाईंनी मावशीला सांगितलं.
मावशीनं झाकण काढलं. वरवंटा धाडकन खाली!
रांजणानं तांब्याला पाणी दिलं. बुडुक बुडुक!
तांब्यानं वाडगं भरलं. साखळी तुटली, पण वाडगं भरलं.
आणि वाडग्यानं सुईबाईला...

"थांबा! थांबा!" कोण ओरडलं? हेडसर! खिशातून मोबाइल काढत होते. "सुईबाई, पिऊ नका! जरा इकडं बघा! फोटो!"

सुईबाई थांबली का? मुळीच नाही. वळली, शेपटी केली हेडसरांकडं, आणि प्याली. घुटुक. घुटुक. घुटुक. खटॅक! फोटोत आली नुसती शेपटी.

पोटभर प्याली. मग घरट्यात गेली.

कस्तुरीनं खडू घेतला. नवी बातमी लिहिली. ह्या वेळी जीभ बाहेर नव्हती. ओठ घट्ट मिटलेले.

आजची बातमी.
वाडगं रिकामं होतं.
आम्ही भरलेलं म्हणत होतो.
आता भरलं आहे. मी बोट बुडवून बघितलं.

बाईंनी चांदणी काढली का? नाही. हेडसर म्हणाले, "असलं लिहितात का कुणी फळ्यावर?" पण कस्तुरी फळ्यापुढंच उभी राहिली, डस्टर पाठीमागं धरून. मग हेडसर गेले आत.

त्या दिवसापासून रोज सकाळी कस्तुरी वाडग्यात बोट बुडवायची. मग तांब्या ओतायची. मग बातमी लिहायची.

आठ दिवस झाले. मेळावा आला. मांडव पडला. पाहुणे आले. कस्तुरीचे आप्पा आले. कागदी पंखांची पोरं नाचली. मग हेडसर उठले आणि म्हणाले, "आता आमच्या शाळेचं खरं पाखरू गाणं म्हणेल!"

सगळे गेले जास्वंदीपाशी. हळू, पाय न वाजवता. पानांच्या घरट्यातून दोन इवल्या चोची बाहेर आल्या. ची ची! ची ची! सुईबाईची पिल्लं. एक, दोन.

"तिसरं कुठंय?" कस्तुरीनं विचारलं.

तिसरं होतं घरट्यातच. पांढरं, गोल, गप्प. तिसरं अंडं फुटलं नव्हतं. फार वेळा गार पडलं होतं ते. सुईबाई अजून त्याच्यावर एक पंख धरून होती.

हेडसरांनी नाही बघितलं. पाहुण्यांकडं बघून हसले आणि म्हणाले, "सुईबाई, म्हणा की एक गाणं! पाणी देतो ना आता आम्ही!"

सुईबाईनं मान वर केली. हेडसरांकडं बघितलं. बाईंकडं बघितलं. मावशीकडं बघितलं. कस्तुरीकडं बघितलं.

आणि म्हणाली,
"मी कुठं नाही म्हणते?
पण तिसरं अंडं फुटेल,
तर मी गाईन."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मावशीनं पदर तोंडाला लावला. बाईंनी पोरांचे पंख सोडायला घेतले. हेडसरांनी मोबाइल खिशात घातला. आणि कस्तुरी आप्पांचा हात सोडून गेली, वाडग्यात बोट बुडवलं, आणि तांब्याभर पाणी आणायला पळाली.

सुईबाई काही गायली नाही.

वाडगं भरलं, गोष्ट सरली. आता उठा. आपल्या खिडकीतल्या वाडग्यात बोट बुडवून या. हो, आत्ता. जा. मी बसलेय इथं.